तो सुटेल तेव्हा तू केवढी असशील

शिक्षा सुनावून झाली आणि आरोपीला पोलीस घेऊन गेले, की बोरसे नाना माझ्या टेबलाशी येऊन बेरीज करायचे. बेरीज साधीच असायची. तरी ती ते कागदावर मांडून करायचे, दोनदा तपासायचे, मग चष्मा कपाळावर सरकवून बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलीकडे जायचे. आधी तिच्या आईला नमस्कार. मग मुलीसमोर गुडघे दुमडून, काळा कोट फरशीवर लोळला तरी चालेल अशा बेताने खाली बसायचे आणि म्हणायचे, "माय, तो सुटी ना, तवय तू पस्तीस वरीसनी व्हशी. तुन्हं लगीन व्हयेल ऱ्हाई, पोरेसोरे शाळामा जातीन. तो तुले वळखाव बी नही."

नाना आमच्या कोर्टातले सरकारी वकील होते आणि मी तिथली लघुलेखिका. न्यायाधीश बोलतात ते मी टिपून घेते आणि टाइप करते. कोर्टात माझ्याकडे कुणी बघत नाही, पंख्याकडे बघतात तितकंही नाही, त्यामुळे मला सगळं दिसतं. बलात्काराचे आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराचे खटले नाना चालवायचे. अशा खटल्यातल्या मुलींची नावं बाहेर सांगायची नसतात. म्हणून इथे नावं मी माझ्या मनाने घातली आहेत, त्यांची गावं सांगणार नाही. नानांचं आडनाव मात्र राहू दिलं आहे, आमच्याकडे दगड मारला तर बोरशाच्या घरावर पडतो.

त्यांची ही वयाची बेरीज मला सुरुवातीला विचित्र वाटायची. एकदा विचारलंच. म्हणाले, "वैशालीताई, जज साहेब वीस वर्षं म्हणतात. वीस वर्षं म्हणजे काय हे त्या पोरीला कसं समजेल? ती बारा-पंधरा वर्षांची. तिला तिचं वय सांगितलं की समजतं." आणि खरोखर समजायचं. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, इतका वेळ ओढणीचं टोक चावत बसलेली पोर ते वय ऐकून पहिल्यांदा मान वर करायची.

शिक्षेच्या दिवशी नाना सकाळपासून काही खात नसत. डबा आणायचे, कळण्याची भाकर आणि लाल ठेचा, पण तो माझ्या कपाटावर तसाच ठेवून द्यायचे. "एखाद्यानी जिंदगी ठरी ऱ्हायनी, आन् मी भाकर मोडू?" असं म्हणायचे. एकदा निकालपत्र लांबलं आणि संध्याकाळचे साडेपाच वाजले. कोर्टात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता असताना नानांच्या पोटात जोरात गुरगुरलं. जज मॅडमनी मान वर केली. नाना उठून गंभीरपणे म्हणाले, "फिर्यादी पक्षाचं म्हणणं संपलं, मॅडम." मी तोंडाला पदर लावला. पुढे कितीतरी दिवस पट्टेवाले त्यांना बघितलं की पोटावर हात ठेवायचे, आणि नानाही हसायचे.

माणूस तापीकाठचा, सारंगखेड्याकडचा, घरी केळी आणि कापूस. बोलणं घरात अहिराणी, कोर्टात एकदम इस्त्रीचं मराठी. त्यांचा हातखंडा म्हणजे वय सिद्ध करणं. अशा खटल्यांत मुलगी अठराच्या आतली आहे हे सिद्ध झालं नाही, तर सगळं प्रकरण ढासळतं, आणि आमच्या जिल्ह्यात जन्माचा दाखला कितीजणांकडे असतो? मग शाळेचं जनरल रजिस्टर. मुलगी पहिलीत आली तेव्हा गुरुजींनी जी जन्मतारीख लिहिली, ती. नाना मुख्याध्यापकाला समन्स काढायचे, मूळ रजिस्टर घेऊन बोलवायचे, रुमालाने टेबल पुसून त्यावर ते ठेवायचे आणि बोट न लावता पेन्सिलीच्या टोकाने ओळ दाखवायचे. त्यांनी सिद्ध केलेलं वय कुणाला मोडता आलं नाही.

त्यांचा गाजलेला खटला गिरणीवाल्याचा. पन्नाशीकडे झुकलेला पिठाच्या गिरणीचा मालक आणि दळण घेऊन येणारी पंधरा वर्षांची मुलगी. आरोपीच्या वकिलाने रजिस्टरवरच हल्ला चढवला. म्हणाला, जन्मतारीख एक जून. या भागात निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून असते. शाळा जूनमध्ये सुरू होते, गुरुजी पोर उभं करून बघतात, सहा वर्षांचं दिसलं की तारीख ठोकून देतात. ही मुलगी अठराची असेल, एकोणिसाची असेल, तिच्या मर्जीने येत असेल.

नाना उठले. "अंदाज गुरुजींचा असेल, साहेब, पण रजिस्टर सरकारचं आहे. त्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर या मुलीने आपलं बालपण सिद्ध करायला कागद आणायचा कुठून?"

रजिस्टर मान्य झालं. शिक्षेवर म्हणणं ऐकताना गिरणीवाला हात जोडून म्हणाला, माझी मुलं लहान आहेत. नाना बसल्या जागेवरूनच म्हणाले, "फिर्यादीही लहानच आहे." वीस वर्षं लागली. डबा उघडला तेव्हा नानांनी मला अर्धी भाकर मोडून दिली. मला त्या दिवशी या माणसाचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन नवऱ्याला अख्खा युक्तिवाद म्हणून दाखवला.

दुसरी गोष्ट त्यांच्या भाऊबंदकीतली. शेतमजूर बाईवरचा अत्याचार आणि आरोपी नानांच्या चुलतघरातला, शिकलेला, चांगल्या नोकरीला लागलेला. काका कोर्टाच्या आवारात आले आणि मला पंखा समजून माझ्यासमोरच बोलले. "घरना पोऱ्या शे नाना. गुन्हा शाबीत व्हयना ते व्हयना. निदान शिक्षाना टाइमले चूप ऱ्हाय. तू बोलना नही ते कमीमा भागी जाई."

"काका, तुम्ही चहा ल्या," नाना म्हणाले. एवढंच.

शिक्षेच्या वेळी आरोपीचा वकील म्हणाला, मुलगा चांगल्या घरातला आहे, याचा विचार व्हावा. नाना म्हणाले, "मॅडम, चांगल्या घरातला म्हणून कमी द्यायची, तर वाईट घरातल्याला जास्त द्यावी लागेल. ही मजूर बाई कोणत्या घरातली आहे हे कुणी विचारलेलं नाही." किमान शिक्षेपेक्षा चार वर्षं जास्त लागली. त्यानंतर नानांना लग्नाच्या पत्रिका येणं बंद झालं. सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरला की ते बहिणीकडे जेवायला जायचे, ते दार बंद झालं. त्या वर्षी मी आणि नवरा बाजारात गेलो होतो. नाना एका हातगाडीपाशी एकटेच उभ्या उभ्या जिलेबी खात होते. आम्हाला बघून म्हणाले, "बहीण सांगस, येऊ नको. पण घोडा बघाले ते कोनी मना करत नही ना!" हसले, पण जिलेबी तशीच टाकून दिली.

आता सुमलीचं सांगते.

सुमली वरच्या डोंगरातली, धरणाच्या पाण्यालगतच्या पाड्यावरची. आश्रमशाळेत सहावीपर्यंत शिकलेली. रायसिंग शेजारच्या पाड्यावरचा, एकोणीस वर्षांचा. दोघं एकमेकांना पसंत होती, आपणहून एकत्र राहायला गेली. तिकडे तशी रीत आहे. मग दोन्हीकडची वडीलधारी बसली, बोलणी झाली, रीतीप्रमाणे लग्न मान्य झालं. सुमलीचे दिवस भरले तेव्हा रायसिंगने तिला बोटीने, मग जीपने दवाखान्यात आणलं. नर्सने वय विचारलं. तोंडी सांगितलं असतं, तर कदाचित तिथेच संपलं असतं. पण दवाखान्यात कागद लागतात, कागद नसला की डोंगरातल्या माणसाला परत पाठवतात, हे रायसिंगला ठाऊक होतं. म्हणून त्याने येतानाच सुमलीचा शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. तो त्याने पुढे केला. दाखल्याप्रमाणे सुमली पंधरा वर्षांची होती. अशा वेळी दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी रायसिंगला अटक झाली.

खटला आमच्या कोर्टात उभा राहिला. सुमलीने साक्षीत नवऱ्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. पण अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही, आणि बाळ कुणाचं हे तपासणीत आलेलंच होतं. उरलं होतं फक्त वय. नानांनी नेहमीसारखं समन्स काढलं. मुख्याध्यापक मूळ रजिस्टर घेऊन आले. नानांनी टेबल पुसलं, पेन्सिलीने ओळ दाखवली. एक जून. रजिस्टरच्या उताऱ्यावर निशाणी पडली, म्हणजे तो पुरावा म्हणून नोंदला गेला. आरोपीसाठी फुकटात दिलेला वकील नवा पोरगा होता. त्याने मुख्याध्यापकाला उलटतपासात दोन प्रश्न विचारले आणि बसला.

त्या पानावर काय होतं, ते मी नंतर नानांकडूनच ऐकलं. त्या वर्षी पहिलीत आलेली अकरा पोरं, आणि अकराही जणांची जन्मतारीख एकच. तोच दिवस, तेच साल. त्यात नऊ वर्षांची होऊन शाळेत आलेलीही असणार, कारण तिकडे शाळाच उशिरा सुरू झाली होती. नानांची पेन्सिल सुमलीच्या ओळीवर होती आणि डोळ्यांना अख्खं पान दिसत होतं. पण समोरच्याने विचारलं नाही ते आपण सांगायचं नाही, ही कोर्टातली सवय. तीस वर्षांची सवय. त्यांनी रजिस्टर मिटून मुख्याध्यापकांना परत दिलं.

सुमली खरोखर पंधराची होती की अठराची, मला आजही ठाऊक नाही. पंधराव्या वर्षी बाळंतपण ही चांगली गोष्ट आहे असं मी मेले तरी म्हणणार नाही, नानाही म्हणत नव्हते. "ती शाळामा पाहिजे व्हती," असंच ते म्हणायचे. पण गिरणीवाल्याला जो कायदा, तोच रायसिंगला. किमान वीस वर्षं. त्याच्याखाली यायला जजलाही वाट नाही.

निकालाच्या दिवशी रायसिंग दोषी ठरला. जज मॅडमनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "शिक्षेबद्दल तुला काही सांगायचं आहे का?" पवारी, म्हणजे त्यांची डोंगरातली बोली, जाणणाऱ्या महिला कॉन्स्टेबलने त्याला विचारून सांगितलं. तो फार वेळ बोलला नाही. मी टाइप केलं: आरोपी म्हणतो की, दाखला त्याने स्वतःच दवाखान्यात दिला होता.

"सरकारी वकिलांचं म्हणणं?"

नाना उठले. शिक्षेवर बोलताना या माणसाचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत जायचा. त्या दिवशी मला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालात म्हणून. "कायद्यात कमीत कमी आहे तेवढी, मॅडम. त्यावर एक दिवस नको." आणि ते बसले नाहीत. काहीतरी आणखी बोलायचं असल्यासारखे टेबलाला धरून उभे राहिले. मॅडम थांबल्या. मीही बोटं थांबवली. शेवटी ते बसले.

मॅडम सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याचा अधिकार या न्यायालयास नाही. ते वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचून दाखवायला लावलं, आणि मग पुढचं सांगितलं. वीस वर्षं सक्तमजुरी, अटकेपासूनचे दिवस धरून.

बाहेर बाकावर सुमली बसली होती. मांडीवर पोर, तोवर पावलं टाकायला लागलेली. नाना माझ्या टेबलाशी आले नाहीत. ते मागच्या दाराने निघाले होते, पण सुमलीच उठून त्यांच्यासमोर आली. या वकिलाकडे सुटकेचं वय समजतं, हे तिला बाकावरच्या कुणीतरी सांगितलं असावं. ती आश्रमशाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायची, एकेक शब्द सुटा.

"साहेब, तो येईल तेव्हा माझी मुलगी किती वर्षांची असेल?"

नानांनी खिशातून पेन काढलं. बेरीज करण्यासारखं काही नव्हतंच. पोर जन्मली आणि बाप आत गेला, जेवढी शिक्षा भोगून होईल तेवढंच तिचं वय. त्यांनी पेन परत खिशात ठेवलं. शेवटी कॉन्स्टेबलने सांगितलं, "वीस."

"आणि मी?"

"रजिस्टरप्रमाणे..." नाना म्हणाले, आणि पुढे त्यांच्याच्याने बोलवेना. तो काळा कोट गदगदा हलताना मी पाहिला. सुमली घाबरली. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. तिने पोरीला खाली ठेवलं आणि पोरीचे हात धरून तिला नानांना नमस्कार करायला लावला. मला ते बघवलं नाही, मी आत येऊन उगाच कागद लावत बसले आणि रडले. डबा कपाटावरच राहिला. दुसऱ्या दिवशी मी तो घासून परत दिला.

वर्षभराने नानांच्या नेमणुकीची मुदत संपली. त्यांनी ती वाढवून मागितली नाही. लोक म्हणाले, थकले. थकले नव्हते. रायसिंगचं अपील हायकोर्टात दाखल झालं होतं. ज्याने सरकारतर्फे खटला लढवला, त्याने आरोपीच्या बाजूने उभं राहायचं नसतं, आणि नानांनी तो नियम मोडला नाही. पण अपील लढवणाऱ्या वकीलबाईंना त्यांनी एक पत्र लिहिलं. मीच ते टाइप करून दिलं, घरी बसून. मूळ रजिस्टर मागवा, एकच ओळ बघू नका, पूर्ण पान बघा, असं त्यात होतं. शेवटी लिहायला सांगितलं, 'हे मला त्याच दिवशी दिसलं होतं.'

"नाना, एवढं कशाला लिहिता? उद्या तुमच्यावरच येईल," मी म्हणाले.

"येऊ दे."

"आणि गिरणीवालाही उद्या असंच पान मागेल. त्या पोरीचं काय?"

"त्या पोरनी दाईले मी भेटी उनू," म्हणाले. "ती खरंच पंधरानी व्हती. सुमलीनं वय मी तवय कोनलेच इचारं नही. मन्हाच हातनी गाठ शे ताई, मालेच सोडनी पडी."

पान एकट्याने पुरणार नव्हतं. सुमलीचं खरं वय सांगणारा शाळेआधीचा कागद हवा होता. तिच्या आईचं बाळंतपण केलेली म्हातारी सुईण सांगत होती की, धरणाचं पाणी चढलं आणि पाडा वर न्यावा लागला, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात ही झाली. तसं असेल तर सुमली अठराच्या पुढची ठरत होती. पण म्हातारीचा शब्द म्हणजे कागद नव्हे, हे नानांइतकं कुणाला ठाऊक? त्या काळी बोटीतून लसी घेऊन जाणारी एक नर्स होती. ती वहीत बाळांची नावं लिहायची. ती वही शोधायला नाना डोंगरात जाऊ लागले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, जीपने, बोटीने, पायी. नर्स वारली होती. वही कुणी म्हणे आरोग्य केंद्रात दिली, कुणी म्हणे घरच्यांनी चुलीत घातली.

ती वही सापडली नाही. अपील अजून हायकोर्टात आहे. नाना गेल्या पोळ्याच्या आधी गेले, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. भाऊबंदकीतले पाचसात जण आले होते, आणि आम्ही कोर्टातली माणसं. बाकावर बसलेल्या त्या इतक्या मुलींपैकी कुणालाच कळवता आलं नाही, कारण त्यांची नावं आणि पत्ते आम्ही कुणाला द्यायचे नसतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी पंधरा दिवस, तळोद्याला. मी मामेबहिणीकडे गेले होते. जीप सुटतात तिथे एका जीपच्या मधल्या सीटवर नाना बसलेले दिसले. पांढरा सदरा, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत रजिस्टरच्या पानाची नक्कल. शेजारी सुमली, रेशनच्या कामाला खाली आली होती. तिची पोर नानांच्या गुडघ्यावर उभी राहून त्यांचा चष्मा ओढत होती. मी खिडकीशी गेले.

"कोठे, नाना?"

"वर. नर्सबाईनी एक पेटी शे म्हने, तिन्हा भाचाकडे. देखी येस." डबा बरोबर होता, मी हात लावून बघितला, गच्च बंद. दुपारचे तीन वाजले होते.

"खाऊन घ्या ना," मी म्हणाले.

"आजून निकाल कोठे लागना?" म्हणाले.

जीप भरत होती. पुढे बसलेल्या एका बाईने वळून त्या पोरीच्या गालाला हात लावला आणि सहज विचारलं, "आबा, नात का? केवढी शे?"

सुमली बोटांवर मोजायला लागली. नानांनी कागद काढला नाही, पेन काढलं नाही.

"तीन वरीस, दोन महिना, अकरा दिन," ते म्हणाले, आणि पोरीच्या हातातून चष्मा सोडवून घेऊन बाहेर बघू लागले.